पाट कुणी दिला

आमचे हे फौजेत होते, तेव्हाची ही गोष्ट. त्यांनी सांगलीला विश्रामबागेत एक लहानसं कौलारू घर घेतलं होतं. पुढे दोन खोल्या, मागे वेगळ्या दाराची एक खोली, आणि तिच्यामागे परड्याची मोकळी जागा. त्या जागेत शेवग्याचं एक झाड आणि धुणं धुवायचा दगड, एवढंच. हे वर्षातून एकदा सुट्टीवर येत. बाकीचे दिवस घरात मी आणि माझी मुलगी.

माझं सासर मलकापूरपासून आत, कराडच्या बाजूचं. ऊस, दोन बैलजोड्या आणि घरटी एक माणूस फौजेत, असं गाव. शाळा चौथीपर्यंत. मुलग्यांना पुढे शिकायचं असेल तर ते कराडला जात. मुली चौथी झाल्या की त्यांची शाळा संपायची. माझीही तशीच संपली होती, माहेरच्या गावात. मुलगी चौथी पास झाली तेव्हा मी ह्यांना पत्र लिहिलं, की आपण सांगलीच्या घरात राहतो, मी तिला पाचवीला घालते. पत्र लिहायला मला तीन दिवस लागले. उत्तर आलं, थोरल्या भावाला विचार, तो म्हणेल तसं कर.

थोरल्या दिरांशी मी कधी सरळ बोललेच नव्हते. आमच्याकडे तशी रीतच होती. ते ओसरीवर आले की पदर पुढे ओढायचा आणि आत जायचं. त्यांना काही सांगायचं असेल तर ते सासूबाईंना सांगत, सासूबाई गेल्यावर माझ्या मुलीला. मी चार हातांवर उभी असले तरी ते मुलीलाच म्हणत, तुज्या आयला सांग. मीही मुलीच्या तोंडूनच उत्तर द्यायची.

शाळेचं तसंच ठरलं. ते मुलीला म्हणाले, "चौथीच्या म्होरं शिकून काय, कलेक्टर व्हायचं हाय व्हय तुला? बरं, बगू एक वरीस. पर तुज्या आयला सांग, नवरा फौजेत, बाई एकटी. एक जरी उणं दिसलं, तर त्याच दिवशी सामान बांदून गावाकडं न्हेणार."

मी मान हलवली. तेव्हापासून एक जरी उणं हे शब्द माझ्या डोक्यातून गेले नाहीत. पाण्याच्या नळावर कुणी जास्त बोललं तरी मला वाटायचं, हे उणं तर नव्हे?

मागची खोली आम्ही भाड्याने दिली होती. कॉलेजची दोन मुलं आहेत, एवढंच मी गावाकडे कळवलं होतं. कुठली, ते दिरांनी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. ती दोघं आफ्रिकेतल्या केनिया देशाची होती. इंजिनिअर व्हायला इतक्या लांब आली होती. दीर दोनदा येऊन गेले, तेव्हा नेमकी कॉलेजला सुट्टी होती आणि खोलीला कुलूप होतं.

मुलं शांत होती. त्यातला मोठा चष्मा लावायचा आणि रोज संध्याकाळी बुटांना पॉलिश करायचा. धाकटा हसरा होता. मराठी त्यांना येत नव्हतं, मला इंग्रजी येत नव्हतं. पण पाचवीला इंग्रजी सुरू होतं. माझी मुलगी नवीन शिकलेला शब्द घेऊन मागच्या दाराशी जायची आणि त्यांना म्हणून दाखवायची. ते तिला नीट म्हणायला लावायचे. वार्षिक परीक्षेआधी तिच्या बाई मला म्हणाल्या होत्या, इंग्रजीत ही पोर वर्गात पुढे आहे. मी घरी येऊन देवापुढे साखर ठेवली होती.

तर एका शनिवारी ती दोघं माझ्या मुलीला घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. मुलगी म्हणाली, "आई, ह्यांची परीक्षा झाली. उद्या त्यांच्या देशाचे सगळे, दहा जण, इथं येणार. आपल्या परड्यात बकऱ्याचं मटण भाजणार. तू हो म्हण."

"भाजणार म्हणजे?"

"निखाऱ्यावर. त्यांच्यात सगळे आगटीभोवती बसून खातात म्हणे. मी हो म्हणलंय."

तिनं हो म्हटल्यावर मला नाही म्हणणं जमलं नाही. ती दोघं वर्षभर खानावळीची आमटी खात होती. परक्या मुलखात आपल्या माणसांबरोबर आपलं जेवण करावंसं वाटलं, त्यात वावगं काय? पण रात्रभर मी कूस बदलत होते. दहा पुरुष, तेही परदेशी, आणि घरात मी एकटी बाई.

रविवारी सकाळी ते येऊ लागले. सायकली कुंपणाला लागल्या. शेजारच्या मास्तरीणबाई मांस खाणाऱ्या नव्हत्या. त्यांनी खिडकीतून बघितलं आणि म्हणाल्या, "अहो, आज तुमच्याकडे जत्रा दिसतेय. पालखी किती वाजता?" मग त्यांनी खिडकी लावली, ती आवाज होईल अशी.

बकरं खाटकाकडून कापून, सोलून, पोत्यात घालून आणलं होतं. त्यांनी विटा रचल्या. कॉलेजच्या वर्कशॉपमधून आणलेल्या लोखंडी सळ्या त्यावर आडव्या टाकल्या. वखारीतला कोळसा पेटवला. मी आमच्या मागच्या दाराच्या फटीतून बघत होते. मला वाटलं, आता मला बोलावतील, वाटण मागतील. मी पहाटेच कांदा, खोबरं भाजून ठेवलं होतं. आमच्याकडे मटण म्हणजे घाम काढणारं काम. पुरुषांनी आणून द्यायचं, बाईनं वाटायचं, परतायचं, शिजवायचं, वाढायचं, आणि सगळ्यांचं झाल्यावर पातेल्यात उरेल ते खायचं. इथे मला कुणी बोलावलंच नाही. त्यांनी मांडी, खांद्याचे फरे, बरगड्या तशाच अखंड सळ्यांवर ठेवल्या. वर फक्त मीठ. ना हळद, ना तिखट. मी मुलीच्या हातून वाटीभर कांदा-लसणाची चटणी पाठवली. धाकट्याने बोट बुडवून चाखली, डोळ्यांत पाणी आलं, सगळे हसले आणि वाटी बाजूला ठेवली.

आणखी एक गोष्ट मला कळेना. कुणाला घाईच नव्हती. तास झाला, दीड तास झाला, चरबी निखाऱ्यावर पडून चरचरत होती, आणि ते आपले उभ्याने बोलत होते. एक जण मांस उलटायचा, तो एकटाच. बाकीचे त्याला नावं ठेवत असावेत, कारण तो मधूनच चिमटा उगारायचा आणि ते मागे सरायचे. आमच्याकडे जेवण झाल्यावर गप्पा होतात. त्यांच्याकडे ते भाजणं हेच जेवण होतं, खाणं त्याचं शेपूट.

त्यांच्यात एक दाढीवाला होता. कराडला शिकायचा. इतरांपेक्षा बराच मोठा, आपल्या देशात आधी शाळामास्तर होता म्हणे. तो आला तेव्हा सगळे उठून उभे राहिले. त्याला बसायला मात्र एक वीट दिली होती. ते मला बरं वाटलं नव्हतं. मोठं माणूस, पाहुणं, आणि विटेवर.

बाराच्या सुमाराला त्यांना मक्याचं पीठ कमी पडलं. त्याचा घट्ट गोळा शिजवून ते मटणाबरोबर खातात, आपल्या उकडीसारखा. मुलीला मी मक्याची पिशवी देऊन गिरणीत पाठवलं. तेवढ्यात चष्मेवाला दाराशी आला. त्याला काहीतरी हवं होतं. त्याने दोन्ही हात पसरून हवेत लांबट चौकोन काढला, मग बोटाने आमच्या कपाटाची लाकडी फळी दाखवली आणि मग आगटीकडे बोट केलं. आगटीशी दाढीवाला विटेवर बसला होता.

मी समजले, की त्याला बसायला पाट पाहिजे.

घरात पाट एकच होता. सासऱ्यांनी स्वतःच्या बांधावरच्या सागाचा, स्वतःच्या हाताने केलेला, चार कोपऱ्यांना पितळी फुल्या ठोकलेला. आमच्या लग्नात त्यावर हे बसले होते. दसऱ्याला त्यावर देवांचे टाक मांडत. नवरदेव, जावई आणि देव, एवढ्यांनाच तो पाट. आम्ही इथं राहायला आल्यावर थोरल्या दिरांनी तो डोक्यावर घेऊन एसटीने आणून माझ्या घरी ठेवला होता. भाऊ सीमेवर आहे, त्याच्या घरी देवाची जागा असावी, असं त्यांनी मुलीला सांगितलं होतं.

मी तो भिंतीपासून काढला, पदराने पुसला आणि दोन्ही हातांनी चष्मेवाल्याला दिला. मोठ्या पाहुण्याला विटेवर बसवलं, असं माझ्या घराचं नाव नको व्हायला. मला त्या घटकेला चांगलंच वाटलं होतं.

मी चुलीकडे वळले आणि मागून आवाज आला. खट. मग परत खट, खट. लाकडावर सुरी बसल्याचा आवाज.

मी दाराशी गेले. पाट दोन विटांवर मांडलेला होता. त्यावर बकऱ्याची अखंड मांडी, आणि चिमटेवाला भल्या मोठ्या सुरीने तिचे तुकडे करत होता. चरबी पितळी फुल्यांवरून ओघळत होती. सगळे भोवती जमले होते आणि त्याच पाटावरून उचलून तोंडात टाकत होते. तुकडा उचलायचा, मिठात टेकवायचा, खायचा, परत तोच हात पाटावर.

ओरडावं असं वाटलं, पण ओरडून काय सांगू, कुठल्या भाषेत? पुढे होऊन पाट ओढून घ्यावा, तर दहा पुरुषांच्या घोळक्यात जायचं. मी चौकट धरून उभी राहिले. मनाशी म्हणत होते, मुलगी आली की तिला सांगू, तोवर कुणी बघत नाही, घासून पुसून ठेवून देऊ, कुणाला कळायचं नाही.

आणि पुढच्या फाटकाची कडी वाजली.

मुलगी पीठ घेऊन आली होती. तिच्यामागे थोरले दीर होते. वाटेत स्टँडवरून येताना तिला भेटले होते. पायात करकर वाजणारी चप्पल, डोक्याला पटका, काखेत पिशवी. मुलीचा चेहरा उतरला होता. ते ओसरीवर थांबलेच नाहीत. धुराचा वास घेत सरळ घराच्या बाजूने परड्यात गेले.

मी पदर ओढला आणि दारातच राहिले. तिथून मला सगळं दिसत होतं. दहा काळे तरुण, आगटी, हाडं आणि मधे पाट. दिरांनी आधी माणसं बघितली, मग पाट. पाटावरच त्यांची नजर थांबली. बोलणं बंद झालं. फक्त चरबी चरचरत होती.

दाढीवाला उठला. वयाने मोठं माणूस आलंय, एवढंच त्याला कळलं असणार. त्याने एक चांगला तुकडा निवडला, उजव्या हातावर ठेवला, डाव्या हाताने उजवं कोपर धरलं आणि वाकून दिरांपुढे केला. दिरांनी हात पुढे केला नाही. तो तसाच वाकून उभा राहिला.

दीर माझ्याकडे न बघता मुलीला म्हणाले, "तुज्या आयला इचार, पाट कुणी दिला."

मुलीने माझ्याकडे बघितलं. एवढीशी पोर, पण तिला सगळं कळत होतं. उणं म्हणजे काय आणि त्याचं पुढे काय होतं, ते तिनं वर्षभर माझ्याबरोबर वागवलं होतं. ती पटकन म्हणाली, "तात्या, त्यांनीच न्हेला. न विचारता. आईला म्हाईतच न्हाई."

दिरांची मान त्या मुलांकडे वळली. चष्मेवाला हसऱ्या चेहऱ्याने उभा होता. त्याला काय बोलणं चाललंय, ते कळत नव्हतं. मी गप्प राहिले असते तर झालं असतं. त्यांना त्याच दिवशी खोली सोडायला लागली असती, सगळ्या विश्रामबागेत परदेशी मुलांनी देवाचा पाट चोरून बाटवला असं झालं असतं, आणि माझी मुलगी शाळेत राहिली असती. हे सगळं मला तेव्हा, उभ्या उभ्या, स्पष्ट दिसलं. चष्मेवाल्याला पाट देताना तो ज्या आदराने झुकला होता, तेही दिसत होतं.

"मी दिला," मी म्हणाले.

माझा आवाज मलाच परका वाटला. दिरांनी वळून माझ्याकडे बघितलं. लग्नाला बारा वर्षं झाली होती, त्यांनी माझा आवाज असा पहिल्यांदाच ऐकला.

"आवं भाऊजी, मीच दिला. त्यांनी मागितला, मला वाटलं बसाया पायजे. त्यांच्यातलं मोठं माणूस इटंवर बसलं हुतं. पोरगी खोटं बोलली, ती माज्यापायी. त्यांची काई चूक न्हाई."

मग त्यांनी मुलीला म्हटलं, "ह्यास्नी सांग, ह्यो पाट आमच्या बानं केलाय. ह्याच्यावर आमचं देव बसत्यात."

पाचवीच्या इंग्रजीत देव, बाप आणि बसणं एवढे शब्द तिला येत होते. तिने ते एकेक करून सांगितले, रडत. दाढीवाल्याला कळलं. त्याने हातातला तुकडा खाली ठेवला आणि दोन शब्द बोलला. चिमटेवाल्याने पाटावरचं मटण भराभर घमेल्यात काढलं. दाढीवाल्याने स्वतः पाट उचलला, धुण्याच्या दगडाशी नेला, आमच्या राखेच्या डब्यातली राख घेतली आणि गुडघ्यावर बसून घासायला लागला. कुणी मदतीला गेलं तर त्याने हाकललं. पाट घासून, धुऊन त्याने आपल्या पांढऱ्या शर्टाच्या बाहीने पुसला. पण सुरीचे घाव लाकडात उठले होते. पाच की सहा. ते निघण्यासारखे नव्हते.

पाट दिरांच्या हातात देऊन तो काहीतरी बोलला, सावकाश, हातांनी दाखवत, मुलीला समजेल असं. ती म्हणाली, "तात्या, ते म्हणतात, त्यांच्या घरी म्हाताऱ्या माणसाचं एक स्टूल असतं. त्याच्यावर दुसरं कुणी बसत नाही. त्याच्यावर कुणी मटण कापलं असतं, तर त्यांनी त्याला घरात ठेवलं नसतं."

दिरांनी त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. मग आगटीकडे बघितलं. तिच्यात कुणीतरी नवा कोळसा टाकला होता आणि जाळ वर आला होता. ते मुलीला म्हणाले, "त्येला म्हण, जाळ झालाय. मटान करपंल."

धाकट्याने कोळसा विस्कटला. एवढंच. दीर काही खायला बसले नाहीत. ते ओसरीवर येऊन बसले, पाट मांडीवर घेऊन. मी पाण्याचा तांब्या नेऊन ठेवला. आता सामान बांधायचं, हे मला माहीत होतं. मुलीची दप्तराची पिशवी खुंटीला होती. मी तिच्याकडे बघायचं टाळत होते.

ते पाणी प्यायले. मुलगी दाराशी उभी होती, पण त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघून म्हणाले, "आफ्रिकेची पोरं ठेवली, कळवलं न्हाईस."

"तुमी न्हाई म्हणला असता."

"म्हणलोच असतो." त्यांनी तांब्या खाली ठेवला. "आज मी पोरगी न्ह्यायलाच आलो हुतो. गावात कुणीतरी बोललं, सांगलीत काळी माणसं ऱ्हात्यात तुज्यात."

मी म्हणाले, "भाऊजी, पोरगी मी पाठवणार न्हाई. काय बोलायचं ते मला बोला. मला मारा, पर तिची शाळा मोडू नका."

खांद्यावरचा टॉवेल काढून त्यांनी पाट त्यात गुंडाळला, गाठ मारली.

"पाट मी न्हेतो," ते म्हणाले. "हितं त्याची जागा न्हाई. देव गावाकडंच बसतील, दसऱ्याला तुमी तकडं यायचं. पोरीचं तुजं तू बग. पर खोटं बोलाया शिकवू नगस तिला."

चप्पल घालून ते निघाले. जेवून जा, असं म्हणायला माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. म्हटलं असतं तरी ते थांबले नसते. तिसऱ्या प्रहरच्या गाडीने ते गेले.

परड्यात मग कुणी हसत नव्हतं. चष्मेवाल्याने केळीच्या पानावर आमच्या दोघींचा वाटा आणून ठेवला आणि मान खाली घालून गेला. मटण बाहेरून काळं, आतून गुलाबी होतं. मीठ आणि धूर, दुसरी चवच नाही. मुलगी खाईना. मी तिला म्हटलं, खा, नाहीतर त्यांना वाटेल आपण रागावलोय. मग आम्ही दोघी दारातच उभ्या राहून खाल्लं, त्या सगळ्यांसमोर. तसं मी कधी खाल्लं नव्हतं.

देवाची जागा माझ्या घरातून गेली, ह्याचं मला पुढे फार दिवस लागून राहिलं. ह्यांनी पत्रात एका शब्दानं विचारलं नाही, म्हणजे दिरांनी त्यांना कळवलंच नसावं. मुलगी सहावीत गेली. दिवाळीला आम्ही गावी गेलो, तेव्हा सगळ्या घरादेखत थोरले दीर मला म्हणाले, "काय गं, आबाळ केलीस व्हय पोरीची, लय वाळलीया." जावा माझ्याकडे बघतच राहिल्या. त्यानंतर ते मला नेहमीच असं बोलायचे, बरंचसं टोचूनच. पण सरळ माझ्याशीच बोलायचे, आणि मीही उत्तर द्यायची.